अकरा रात्रींत आठ मुक्काम? नको, तीनच

कोल्हापूरच्या एका कला महाविद्यालयातल्या तरुण शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा: चित्रकला आणि शिल्पकलेच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या २२ मुलामुलींना ग्रीस-इटलीची अभिजात कला आणि वास्तू दाखवायला न्यायचं आहे. हातात अकरा रात्री आहेत, दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार आहे. टूर कंपनीने दिलेल्या आराखड्यात पॅरिस, स्वित्झर्लंड, मिलान, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स, रोम आणि शेवटी अथेन्स आहे. हे जमेल का, काय पाहावं, चित्रं काढता येतात का, आणि तयारी कधीपासून करायची?

मॅडम, जमेल. बसच्या खिडकीतून सगळं दिसेलही. पण मुलं परत आल्यावर त्यांच्या वहीत काय असेल, एवढंच स्वतःला विचारा. मी आजवर चार वेळा मुलांना घेऊन गेलोय आणि पहिल्या वेळी तुमच्यासारख्याच आराखड्याला हो म्हणून बसलो होतो. नऊ दिवसांत सहा शहरं. राहायची सोय शहरापासून तीस किलोमीटरवर, कारण तिथे खोल्या स्वस्त. रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास बसमध्ये. एका मुलीच्या वहीत शेवटी चौदा रेखाटनं होती आणि त्यातली नऊ बसमध्ये झोपलेल्या मित्रांची. रेखाटनं उत्तम होती, तो भाग वेगळा.

म्हणून माझं मत स्पष्टच सांगतो. अथेन्स चार रात्री, नेपल्स दोन, रोम पाच. बाकी सगळ्यावर काट मारा, फ्लॉरेन्ससकट. फ्लॉरेन्सवरून मुलं भांडतील, कारण मायकेलअँजेलोचा डेव्हिड तिथे आहे. पण फ्लॉरेन्स हा पुनरुज्जीवनाचा, म्हणजे रेनेसाँचा विषय आहे, त्याला स्वतंत्र सहल हवी. अगदीच ऐकेनात तर रोमहून जलद गाडीने दीड तासात पोचता येतं. एक दिवस द्या, डेव्हिड दाखवा आणि त्याच दालनाकडे जाताना लागणारे अर्धवट सोडलेले 'कैदी' दाखवा, तेही मायकेलअँजेलोचेच पुतळे. शिल्पकलेच्या मुलांना डेव्हिडपेक्षा ते कैदीच जास्त शिकवतात. टोकदार छिन्नी कुठे थांबली आणि दातेरी छिन्नी कुठे सुरू झाली, ते दगडावर उघडं दिसतं.

आता मुळात जायचं कशासाठी? आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात रुजलेल्या अभ्यासक्रमातून 'अँटिक'चा, म्हणजे जुन्या शिल्पांच्या प्लास्टर प्रती काढायचा वर्ग सगळीकडे पोचला. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं पोर प्लास्टरच्या अपोलोसमोर, डेव्हिडच्या सुट्या नाकाडोळ्यांसमोर महिनोन्‌महिने बसतं. त्याला तो चेहरा पाठ असतो, पण वस्तू माहीत नसते. मापाचा अंदाज नाही, दगड की ब्राँझ हे ठाऊक नाही, मागची बाजू कधी पाहिलेली नाही, आणि प्रकाश म्हणजे वर्गातली ट्यूबलाइट. माप, माल, पाठ आणि प्रकाश या चार गोष्टी प्लास्टर देत नाही, फोटोही देत नाही. तिथे गेल्यावर त्याच पाहायच्या. ज्या ठिकाणी यातलं काही नव्याने कळणार नसेल, ते ठिकाण गाळलं तरी चालतं.

सहलीची सुरुवात मात्र विमानतळावर करू नका, तुमच्याच गावात करा. टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती आहे. वीतभरही नाही. भूमध्य समुद्राकडून व्यापाराच्या वाटेने आलेली. मुलांकडून ती चारही बाजूंनी काढून घ्या. हाताची बोटं कशी वळली आहेत, त्यात काय धरलेलं असेल, वजन कुठल्या पायावर आहे, हे लिहून घ्या. मग अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात २.०९ मीटर उंचीच्या त्या प्रसिद्ध ब्राँझ देवासमोर त्यांना उभं करा, जो १९२० च्या दशकात आर्टेमिसिऑनच्या भूशिराजवळ समुद्रातून निघाला. तो झ्यूस की पोसायडन, हा वाद अजून आहे. हातात झ्यूसचं वज्र होतं की पोसायडनचा त्रिशूळ, यावर सगळं अवलंबून. लांब दांड्याचा त्रिशूळ असता तर एका बाजूने चेहऱ्यावर आडवा आला असता, म्हणून बरेच जण झ्यूसच्या बाजूचे. वर्गात हे सांगून कोणी ऐकत नाही. तिथे एका मुलाने छत्री उचलून, त्या मूर्तीसारखा हात मागे नेऊन मित्राला समोरून बघायला लावलं, आणि अर्धा तास वाद रंगला. पहारेकऱ्याने छत्री खाली घ्यायला लावली, ते योग्यच होतं.

दुसरी घरची तयारी कार्ल्याला. चैत्यगृहाच्या छताला खऱ्या लाकडाच्या कमानी आहेत आणि बाकी सगळा दगड लाकडाची नक्कल करतो, हे मुलांनी पाहिलेलं असलं की डोरिक मंदिर, म्हणजे ग्रीकांच्या सर्वात साध्या खांबशैलीतलं मंदिर, उलगडायला वेळ लागत नाही. खांबांच्या वर जी तीन-तीन उभ्या पट्ट्यांची चौकट येते, तिला परंपरेने लाकडी तुळईच्या टोकांची आठवण मानतात, आणि तिच्याखालचे दगडी थेंब म्हणजे लाकडी खुंट्या. कार्ल्याच्या खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या दात्यांचे लेख आहेत, तेही वाचून दाखवा. मुंबईला जाणं झालं तर एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल, १८३३ सालचा. त्याच्या तीस पायऱ्या चढून डोरिक खांबांमध्ये उभं राहा आणि एका खांबाचं मोजमापासह रेखाटन करा. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरच्या पार्थेनॉन मंदिराशी तुलना करायला हातात काहीतरी हवं.

पार्थेनॉनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथेच सर्वात जास्त फोटो निघतात आणि सर्वात कमी पाहिलं जातं. काम इ. स. पू. ४४७ ते ४३२. वास्तुकार इक्टिनस आणि कॅलिक्रेटिस, शिल्पांवर देखरेख फिडियसची. दर्शनी बाजूला ८ आणि लांबीच्या बाजूला १७ खांब. ही माहिती कुठेही मिळते. मुलांना करायला लावायचं ते असं: दोरीच्या अलीकडून, मंदिराच्या कोपऱ्याशी उभं राहून, गुडघे वाकवून नजर वरच्या पायरीच्या पातळीला आणायची आणि पायरीच्या कडेने थेट दुसऱ्या टोकाकडे बघायचं. सुतार फळीला बाक आहे का हे बघतो, तसं. पायरी मधे फुगलेली दिसते. साधारण ३१ मीटरच्या बाजूला सहा-एक सेंटिमीटर आणि ७० मीटरच्या बाजूला अकरा-एक. हजारो टन संगमरवर, आणि एकही मोठी रेघ सरळ नाही. खांब मधे किंचित भरलेले, सगळे किंचित आत झुकलेले, कोपऱ्यातले जरा जाड, कारण त्यांच्यामागे नुसतं आकाश असतं आणि प्रकाश त्यांना खाऊन बारीक करतो. सरळ पट्टीने पार्थेनॉन काढणाऱ्या मुलाला त्याची पट्टी तिथेच पिशवीत ठेवायला लावा.

त्याच टेकडीवरच्या एरेख्थिऑन मंदिराच्या ओसरीतल्या सहा दगडी स्त्रिया, ज्यांच्या डोक्यावर छत आहे, त्या तिथे उभ्या दिसतात त्या सगळ्या प्रती. मूळच्या पाच खाली अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयात आहेत आणि एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. हे आधी सांगितलं नाही तर काय होतं, ते मी अनुभवलंय. एक मुलगा वर उन्हात दोन तास बसून त्या काढत होता आणि संध्याकाळी कळल्यावर माझ्याशी जेवेपर्यंत बोलला नाही. खालच्या संग्रहालयात मागून वेण्या पाहायला मिळतात. मानेसारख्या अडचणीच्या जागी जाड वेण्यांनी दगडाला आधार दिलाय, हे पाठीमागून गेल्याशिवाय लक्षात येत नाही. वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची शिल्पपट्टी मूळ मापात लावली आहे. जिथे मूळ दगड आहे तिथे मधाळ रंग, आणि जे बाहेर गेलं त्या जागी पांढरं प्लास्टर. १८१६ मध्ये ब्रिटिश म्युझियमसाठी विकत घेतलेल्या फलकांची जागा न बोलता दाखवलेली आहे. आपल्या मुलांना प्लास्टर आणि दगड शेजारी-शेजारी, एकाच ओळीत, दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार?

तिथेच रंगाचा विषय निघतो. त्या संग्रहालयातल्या जुन्या 'कोरी' मूर्तींवर, म्हणजे उभ्या तरुणींच्या मूर्तींवर, रंगाचे अवशेष आहेत. ग्रीक शिल्प म्हणजे शुभ्र, ही कल्पना नंतरची. युरोपात या गोष्टीवर लोक अजून चकित होतात. वेरूळच्या कैलासावर गिलावा आणि रंगाचे तुकडे पाहिलेल्या मुलांना त्यात फार नवल वाटत नाही, वाटूही नये.

अथेन्सहून विमानाने दोन तासांत रोम, तिथून न थांबता रेल्वेने सव्वा तासात नेपल्स. लोक नेपल्स गाळतात आणि मोठी चूक करतात. एक पूर्ण दिवस पाँपेई, दुसरा दिवस पुरातत्त्व संग्रहालय. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, हे लक्षात घेऊन दिवस लावा. तिथे फार्नेसी हर्क्युलिस आहे, अलेक्झांडरचं मोझेक आहे, आणि १९३८ मध्ये पाँपेईत सापडलेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. पाव मीटर उंचीची. 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणतात, पण ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला तिच्या जवळच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत. व्हेसुव्हियसने इ. स. ७९ मध्ये गाव गाडलं, म्हणजे ती त्याआधी तिकडे पोचली. ती कधीकधी प्रदर्शनाला बाहेर जाते, म्हणून संग्रहालयाला आधी ईमेल करून विचारा. शक्य झाल्यास जाण्याआधी तेरचं संग्रहालय पाहून घ्या. तेर आणि नेपल्स एकाच वहीच्या समोरासमोरच्या पानांवर आलं, की मुलांना इतिहास वेगळा शिकवावा लागत नाही.

आता रोम. पाच रात्री कमीच पडतात, म्हणून निवड करावी लागते. कलोसियमच्या आत जाऊ नका, असं म्हटलं की पालक रागावतात. पण बाहेरून एक चक्कर आणि खालपासून वरपर्यंत तीन मजल्यांवरच्या अर्धखांबांचे प्रकार ओळखणं, एवढं अभ्यासाला पुरतं. तिकिटाचे पैसे आणि दोन तास पॅलाझ्झो मासिमोकडे वळवा. हे संग्रहालय रेल्वेस्थानकाजवळच आहे, गर्दी कमी. तिथे बसलेला मुष्टियोद्धा आहे, १८८५ मध्ये रोममध्येच जमिनीखाली सापडलेला ब्राँझ. डोळे गेलेत, नाक मोडलेलं, कान फुगलेला, हातावर चामड्याच्या पट्ट्या. जखमांच्या जागी तांब्याचा लालसर तुकडा बसवला आहे आणि मान वळवल्यामुळे रक्ताचे थेंब उजव्या मांडीवर पडलेत, तेही तांब्याचेच. कोल्हापूरच्या मुलांना ओतकाम माहीत असतं. पुतळा तुकड्यांत कसा ओततात आणि जोड कसा लपवतात, हे त्यांनी भट्टीवर पाहिलेलं असतं. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील ओतारी होते. तो अर्धा तास पुतळ्याभोवती फिरत फक्त जोड शोधत होता. चित्र एकही काढलं नाही, पण वहीत जोडांचा नकाशा होता. त्या सहलीतलं मला आवडलेलं ते सर्वोत्तम पान.

शिल्पकलेच्या मुलांसाठी दुसरी अत्यावश्यक जागा कॅपिटोलाइन संग्रहालय, मार्कस ऑरेलियसच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी. चौकात उभा आहे तो नकली, मूळ आत छताखाली. महाराष्ट्रात शिल्पकाराला आयुष्यात कधी ना कधी अश्वारूढ पुतळा करावा लागतोच. नानासाहेब करमरकरांचा पुण्यातला १९२८ चा शिवछत्रपती पाहून जा. आणि मग इथे पाहा: उचललेला पाय, बाकी तीन पायांवर सगळा भार, स्वार रिकिबीशिवाय. रिकिबी नसल्याने मांडीची पकड आणि पायांचं लोंबणं आपल्या पुतळ्यांपेक्षा वेगळं दिसतं. हा पुतळा वितळवला गेला नाही, कारण मध्ययुगात लोक त्याला पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजत होते. चुकीच्या नावाने वाचला.

व्हॅटिकनमध्ये सगळे सिस्टीन चॅपेलकडे धावतात. जा, पण आधी अंगणात लाओकूनपाशी थांबा, सापांच्या विळख्यात सापडलेल्या ट्रॉयच्या पुजाऱ्याच्या त्या शिल्पापाशी. १५०६ मध्ये रोममधल्या एका द्राक्षमळ्यात तो सापडला. जुन्या पुस्तकांतल्या चित्रांत त्याचा उजवा हात वर ताणलेला दिसतो, कारण तो दुरुस्तीत नव्याने लावलेला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूळ हात मिळाला, तो कोपरात वळलेला निघाला, आणि १९५० च्या दशकाअखेरीस जोडला गेला. मुलांना दोन्ही रेखाटायला सांगा. ताणलेल्या हाताने सगळी आकृती नाटकी होते, वळलेल्या हाताने ती स्वतःत मिटते. शेजारच्या अपोलोच्या पायाशी झाडाचा बुंधा आहे, तोही दाखवा. संगमरवराला घोटे पेलवत नाहीत, म्हणून ब्राँझ मूर्तीची दगडात प्रत करताना असे बुंधे घालत. रोमच्या संग्रहालयांत बुंधे मोजायचा खेळ आम्ही करतो. व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट असतं, आणि म्हणूनच त्या दिवशी जाऊ नका.

पँथिऑनला मात्र तीनदा जा. सकाळी, दुपारी, आणि पाऊस आला तर पावसात. घुमटाचा आतला व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून माथ्याच्या गोल झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक पूर्ण चेंडू मावतो. काँक्रीट, पोलादाची एकही सळई नाही. वर जाताना मिश्रणातला दगड हलका होत जातो, माथ्याजवळ ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. बाहेरच्या ओसरीतला ग्रॅनाइटचा खांब तीन मुलांनी हात पसरून कवेत घ्यावा लागतो, आणि ते करू द्यावं. माप अंगाला कळतं. आत पावसाचे थेंब येतात आणि फरशीतल्या भोकांतून निघून जातात. पण खरं काम त्या झरोक्यातून येणाऱ्या कवडशाचं. उन्हाळ्यात तो जमिनीवर उतरतो. तुम्ही दिवाळीत जाणार, तेव्हा सूर्य खाली असतो, त्यामुळे कवडसा घुमटातल्या चौकोनी खणांवरच राहतो. एका मुलीने खणांचं जाळं आधी काढून घेतलं आणि दर वीस मिनिटांनी कवडसा कुठे आहे ते पेन्सिलने भरत गेली. दोन तासांत सहा-सात लंबगोल झाले. तिला खण किती खोल आहेत हे त्या लंबगोलांच्या तुटलेल्या कडांवरून कळलं. असा वेळ आठ मुक्कामांच्या आराखड्यात बसत नाही, एवढंच माझं म्हणणं.

चित्रं काढण्याबद्दल. संग्रहालयात छोटी वही आणि पेन्सिल घेऊन उभ्याने रेखाटन केलेलं साधारणपणे चालतं. कोळसा, पेस्टल, शाई, जलरंग विसरा. ते रस्त्यावर आणि बागेत. घडीचं स्टूल न्यायचं असेल तर दोन महिने आधी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर विचारा. बरेच जण उत्तर देतात. रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला बंदी आहे, दंड होतो. मुलांना पायऱ्या दिसल्या की बसायची सवय असते. दुपारच्या जेवणानंतर चर्चमध्ये जा. सॅन लुइजी देई फ्रांचेसी इथे काराव्हाजोची तीन चित्रं फुकट पाहायला मिळतात, फक्त दिव्यासाठी नाणं टाकावं लागतं. दिवा विझला की अंधारात पाहिलेलं काराव्हाजो वेगळंच असतं, म्हणून सगळी नाणी एकदम टाकू नका. पाणी विकत घेऊ नका, रोमच्या रस्त्यांवरच्या नळांचं पाणी पिण्याचं आहे.

कागदपत्रं: मुक्काम इटलीत जास्त, म्हणून शेंगेन व्हिसा इटलीकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः जावं लागतं. त्यामुळे २२ जणांची एकाच दिवसाची वेळ मिळेल असं धरून चालू नका. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीनंतर निदान तीन महिने चालणारा. सर्वात जास्त घोळ नावांचा होतो: गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गायब. हे आत्ताच तपासून घ्या. युरोपीय संघाच्या तरुणांना मिळणारी तिकिटाची सवलत आपल्या अठरा वर्षांवरच्या मुलांना मिळेल असं गृहीत धरून खर्च काढू नका. रोमच्या बोर्गेझे गॅलरीत बर्निनीच्या शिल्पांसाठी जायचं तर दोन तासांची वेळ आधी राखून ठेवावी लागते, ते तिकीट व्हिसा हातात पडल्या दिवशी काढा. सोमवारी ती बंद, पॅलाझ्झो मासिमोही बंद. सोमवार पँथिऑनला.

जायचं नोव्हेंबरात असेल तर ब्रह्मपुरीच्या पोसायडनची रेखाटनं जूनमध्ये सुरू व्हायला हवीत. आणि टूर कंपनीला आजच फोन करून सांगा, की स्वित्झर्लंड नको, पण रोममधली राहायची जागा पँथिऑनपासून पायी अंतरावर हवी. दोन्हीचा हिशेब बहुतेक सारखाच येतो.